चौथा स्क्रू

ओम्नीत सात जण बसतात, अशी आमच्या घरची समजूत.
पुढं मी आणि आप्पा. मधे हौसाक्का, रेश्मा,
रेश्माचा भाऊ नेताजी, मांडीवर भडंगाचा डबा.
मागं स्टेपनीला टेकून अन्विता आणि विरू.
गॅस भरताना सगळ्यांना खाली उतरवतात.
परत चढताना विरूनं मोजलं : सात.

मग उसाच्या ट्रॉलीमागं पाऊण तास.
आप्पा इस्त्रीच्या सफारीत. छातीवर काही नाही.
मेडलं ट्रंकेत असतात, ट्रंकेवर गव्हाचं पोतं.

विमान चौथऱ्यावर होतं, नाक वर करून,
गेली अकरा वर्षं,
'निघतो आता' म्हणत दारातच उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं.
चाकं सिमेंटात. शेपटाच्या भोकात साळुंकीचं घरटं.
नेताजीनं सेल्फी काढला.
विरू म्हणाला, "आप्पा, हे तुम्ही चालवायचा?"

"मी? न्हाई रं.
मी ह्याला निजवायचो, उठवायचो.
बावीस वर्षं ह्याच्या पोटात कोपरापतोर हात,
गाय अडल्यावर घालत्यात तसा.
आभाळ साहेबलोकांचं.
आपलं काम पट्टी संपस्तोवर.
मग वर बघत बसायचं.
चार गेली, चार आली,
की च्या गोड लागायचा."

तीन आली तर, असं विरूनं विचारलं नाही.
मीही नाही. चाळीस वर्षांत.

आप्पा विमानाभोवती फिरले
वडगावच्या बाजारात बैल बघावा तसे :
पाय, खूर, वशिंड, शेपूट.
पंखाखाली एक झाकण, पाच स्क्रू,
त्यातला चौथा वर आलेला.
खिशातून रुपया निघाला, खाचेत बसला.
शिट्टी वाजली.
"ओ आजोबा! हात लावायचा न्हाई!"
"सैल हाय."
"असूंदे की. आता कुठं उडतंय ते?"
आप्पांनी राहिलेला पाव फेरा पुरा केला,
मगच हात काढला.

येताना हौसाक्काच्या माहेरावरून आलो.
चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी, इंग्रजी अक्षरं.
"ही व्हय? हिच्या कट्ट्यावर आम्ही चिंचा फोडायचो.
दसऱ्याला आई हिला हळद लावायची.
कसली पाटी, कुणी इचारलं न्हाई."

अन्वितानं वाचलं. शाळेत वाचतात तसं, बोट फिरवत :
या गावातून महायुद्धात गेले त्रेसष्ट.
त्यातले सात आले नाहीत.
"नावं?" रेश्मा म्हणाली.
अन्वितानं पाटीच्या खाली बघितलं, बाजूला बघितलं.
"नावं नाहीत. आकडेच आहेत."

हौसाक्का कट्ट्यावर बसली. चप्पल काढली.
"एक म्हाईत हाय.
म्हादू. माझ्या आजीचा थोरला भाऊ.
बसऱ्यात हाय, म्हणायची आजी.
आम्हा पोरास्नी वाटायचं, बसलाय कुठंतरी.
उठंल. येईल."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
समोरच्या दूध संस्थेत कॅन आपटत होते.
अन्वितानं वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं : म्हादू.
खाली सहा रेघा ओढल्या, रिकाम्या.
हौसाक्कानं भडंगाची चिमूट पाटीखाली ठेवली,
तिथं आधीच मुंग्या होत्या.

आप्पा पाटीच्या कडा चाचपत होते.
चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू.
एकेकावर अंगठा ठेवला.
"घट्ट हाईत," म्हणाले. "कुणीतरी नीट पिळल्यात."
रुपया मुठीतच राहिला.

परतताना गाडीत कुणी मोजलं नाही.
विरू झोपला होता, तोंड उघडं टाकून.
उजळाईवाडीपाशी संध्याकाळचं विमान खाली येत होतं,
लहानसं, मुंबईचं असेल, नाहीतर हैदराबादचं.
आप्पांनी हँडल फिरवून काच खाली घेतली,
मान बाहेर काढली.
मागून हॉर्न वाजले. मी गाडी कडेला घेतली.

चाकं पट्टीला लागली
तशी त्यांनी काच वर केली.

"च्या घ्यायचा का रं कुठं?"